खटल्याविना तेरा वर्षे: शारांतोंमधील मार्की द साद

6 मार्च 1801 रोजी पॅरिसच्या पोलिसांनी निकोला मासे या प्रकाशकाच्या कचेरीवर छापा घातला. तेथे सापडलेल्या कागदपत्रांत काही हस्तलिखिते होती आणि 'ज्युलिएत' या निनावी कादंबरीची एक छापील प्रत होती, जिच्यावर हाताने केलेल्या दुरुस्त्या आणि भर होती. ते अक्षर कचेरीत हजर असलेल्या साठ वर्षांच्या एका निर्धन गृहस्थाचे होते. आपण या मजकुराचे लेखक नसून केवळ नक्कल करणारे आहोत, असे त्याने चौकशीत सांगितले. पुस्तकाचा साठा कोठे दडवला आहे ते प्रकाशकाने दाखवून दिले आणि तो थोड्याच काळात सुटला. नक्कलनवीस म्हणवणारा गृहस्थ, म्हणजे दोनातियें आल्फोंस फ्रांस्वा, मार्की द साद हा उमराव आणि कादंबरीकार, त्यानंतर मरेपर्यंत मोकळा झाला नाही.

या अटकेवर आरोपपत्र आले नाही, खटला चालला नाही आणि शिक्षेची मुदतही कोणी ठरवली नाही. दोन वर्षांनी सादला शारांतों येथील वेड्यांच्या इस्पितळात हलवण्यात आले. आणखी पाच वर्षांनी त्याच इस्पितळाच्या मुख्य वैद्याने पोलीसमंत्र्याला लेखी कळवले की हा मनुष्य वेडा नाही. तरीही सादचा मृत्यू तेथेच झाला. न्यायालयापुढे नेता येत नाही, पण सोडायचेही नाही, अशा माणसाचे शासन काय करते, हे पाहण्यासाठी इतके तपशीलवार कागद मागे राहिलेले प्रकरण त्या काळातले क्वचितच सापडेल. म्हणून सादच्या चरित्रातला हा एवढाच तुकडा येथे घेतला आहे.

अटकेपूर्वीचा साद

सादचा जन्म 2 जून 1740 रोजी पॅरिसमध्ये, कोंदे राजपुत्राच्या वाड्यात झाला, कारण त्याची आई त्या घराण्यात मानकरीण होती. मूळ घराणे प्रोव्हांसचे होते आणि पेत्रार्क या इटालियन कवीची लॉरा ही आपली पूर्वज असल्याचे ते अभिमानाने सांगत असे. जेझुइटांच्या लुई-ल-ग्रां विद्यालयात शिक्षण, सप्तवार्षिक युद्धात घोडदळातील नोकरी आणि 1763 मध्ये रने-पेलाजी द मोंत्रय या श्रीमंत न्यायाधिकाऱ्याच्या मुलीशी विवाह, इथवरचा भाग त्या वर्गातल्या कोणाही तरुणाचा असू शकला असता.

पुढचा तसा नाही. 1768 च्या ईस्टरच्या रविवारी रोझ केलेर या भीक मागणाऱ्या विधवेला त्याने कामाच्या मिषाने आर्क्यई येथील घरात नेले, कोंडले आणि चाबकाने मारले. 1772 मध्ये मार्सेय येथे त्याने काही वेश्यांना उत्तेजक द्रव्य घातलेली मिठाई खाऊ घातली आणि त्यातल्या काहींच्या जिवावर बेतले. प्रोव्हांसमधील एक्स येथील न्यायालयाने त्याला गैरहजेरीत मृत्युदंड दिला आणि त्याच्या पुतळ्याला तो दंड जाहीरपणे देण्यात आला. हे आरोप खोटे नव्हते, ही गोष्ट सादला स्वातंत्र्याचा हुतात्मा ठरवणाऱ्या विसाव्या शतकातील काही चाहत्यांच्या लेखनातून सोयीस्करपणे निसटते. मात्र 1801 ची अटक या गुन्ह्यांसाठी नव्हती. एक्सचा निकाल 1778 मध्येच फिरवला गेला होता.

निकाल फिरूनही तो तुरुंगातच राहिला होता, कारण सासूबाईंच्या खटपटीने त्याच्यावर राजाचे मुद्रांकित अटकपत्र बजावलेले होते. घराण्याची अब्रू राखण्यासाठी एखाद्या नातलगाला चौकशीविना कोंडून ठेवण्याची सोय जुन्या राजवटीत या पत्राने होत असे. फेब्रुवारी 1777 पासून, मधला पलायनाचा थोडा काळ वगळता, एप्रिल 1790 पर्यंत साद व्हँसेन, बॅस्टिल आणि शेवटचे काही महिने शारांतों येथे बंदिवान होता. या तेरा वर्षांनीच त्याला लेखक केले. 22 ऑक्टोबर 1785 पासून सदतीस दिवस रोज संध्याकाळी बसून त्याने बॅस्टिलमध्ये 'सोदोमचे 120 दिवस' ही अपुरी राहिलेली कादंबरी सुमारे बारा मीटर लांब आणि अकरा सेंटिमीटर रुंद अशा गुंडाळीच्या दोन्ही बाजूंवर बारीक अक्षरात उतरवून काढली. जुलै 1789 च्या आरंभी त्याने खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांना ओरडून सांगितले की आत कैद्यांची कत्तल चालली आहे. त्यामुळे त्याला रातोरात शारांतोंला हलवले गेले, गुंडाळी मागे राहिली आणि दहाच दिवसांत बॅस्टिल पडले. ती हरवली असेच तो शेवटपर्यंत समजत होता.

मार्च 1790 मध्ये संविधानसभेने राजाची अटकपत्रे रद्द केली आणि एप्रिलमध्ये साद सुटला. 'ज्युस्तीन' 1791 मध्ये लेखकाच्या नावाविना निघाली. तिचा विस्तारित अवतार आणि 'ज्युलिएत' मिळून दहा खंड शतकाच्या अखेरीस बाजारात आले. या कादंबऱ्यांचे सूत्र एकच आहे: निसर्गाला पाप-पुण्य कळत नाही, म्हणून सद्गुणी बहिणीची दुर्दशा होते आणि दुर्गुणी बहिणीची भरभराट. क्रौर्याचे प्रसंग आणि निरीश्वरवादाची लांबलचक व्याख्याने आळीपाळीने येत राहतात. सलग वाचणाऱ्याला धक्क्यापेक्षा कंटाळाच लवकर येतो, आणि हे त्याच्या निष्ठावंत अभ्यासकांनीही नाकारू नये. तरीही त्याच्या एका प्रश्नाला उत्तर देणे त्या काळाला जड गेले: धर्माचा पाया काढून घेतल्यावर नीतीला टेकू कशाचा? क्रांतीने चर्चला दूर सारून झाले होते आणि नेपोलियन बोनापार्तने 1801 मध्येच पोपशी समेटाचा करार केला. अशा वेळी हे दहा खंड निव्वळ चावट वाङ्मय म्हणून दुर्लक्षिण्याजोगे उरले नव्हते.

खटला का टाळला

अटकेनंतर काय करावे याचा विचार पोलीस प्रीफेक्ट, म्हणजे पॅरिसच्या पोलिसांचा प्रमुख, द्युब्वा आणि पोलीसमंत्री फूशे यांच्यात झाला, आणि त्याचे सार द्युब्वाच्या 1804 च्या अहवालात आले आहे. खटला भरल्यास मोठा गवगवा होईल आणि त्या गवगव्याच्या मानाने मिळणारी शिक्षा जरब बसवण्याइतकी नसेल, म्हणून त्याला सँत-पेलाजीच्या तुरुंगात 'ठेवून द्यावे' आणि प्रशासकीय मार्गाने शिक्षा द्यावी, असे ठरले. हा हिशोब व्यवहारी होता. खटला म्हणजे पुस्तकातले उतारे न्यायालयात वाचले जाणार, आरोपी बोलका असल्यामुळे त्याचे भाषण होणार आणि अखेरीस त्याला किरकोळ शिक्षा होऊन तो बाहेर पडणार.

बोनापार्तची पत्नी जोसेफीन हिच्यावरच्या एका निंदापुस्तिकेमुळे सादला पकडले, ही कथा दीर्घकाळ सांगितली गेली. ती पुस्तिका सादची नव्हे, असे आजचे अभ्यासक मानतात. कथा टिकली याचे कारण बहुधा हे की सत्ताधीशाच्या वैयक्तिक रागाची गोष्ट कार्यालयीन सोयीच्या गोष्टीपेक्षा रंगतदार असते. प्रत्यक्षात सादच्या तेरा वर्षांचे मूळ सोयीतच होते.

1803 च्या आरंभी, सँत-पेलाजीत आणलेल्या काही तरुण कैद्यांशी त्याने लगट केल्याची तक्रार झाली आणि त्याला बिसेत्रला हलवले गेले. बिसेत्र हे एकाच वेळी तुरुंग, भिकारगृह आणि वेड्यांचे इस्पितळ होते, आणि तेथे असणे हीच घराण्याला नामुष्की होती. कुटुंबाने विनंती केली, वार्षिक खर्च भरण्याची तयारी दाखवली आणि 27 एप्रिल 1803 रोजी साद शारांतोंला आला. निदान असे होते: 'कामासक्त वेड', आणि तेही कायमचे. हे निदान वैद्याच्या तपासणीतून निघालेले नव्हते, पोलिसांच्या फाइलीतून आलेले होते. तुरुंगाला कालमर्यादा लागते, आजाराला ती लागत नाही. एका शब्दाने ती अडचण मिटली.

1804 मध्ये साम्राज्याच्या नव्या संविधानाने सिनेटमध्ये व्यक्तिस्वातंत्र्यासाठी एक समिती नेमली. दहा दिवसांत न्यायालयापुढे न आणलेल्या बंदिवानाला तिच्याकडे अर्ज करता येत असे. सादने अर्ज केला. खटला चालवा किंवा सोडा, एवढीच त्याची मागणी होती. काही झाले नाही.

कुल्मिएचे शारांतों

पॅरिसच्या पूर्वेला मार्न नदीच्या काठी 1641 पासून 'दयाव्रती बंधू' या धर्मसंघाने चालवलेली ही संस्था क्रांतीत बंद पडली आणि 1797 मध्ये सरकारी इस्पितळ म्हणून पुन्हा उघडली. तिचा संचालक फ्रांस्वा सिमोने द कुल्मिए हा पूर्वी मठाधिपती होता आणि 1789 च्या संविधानसभेत पुरोहितवर्गाचा प्रतिनिधी म्हणून बसला होता. शरीराने तो अत्यंत ठेंगणा होता. संस्थेवर मात्र त्याचा एकछत्री अंमल होता. साखळदंडांऐवजी संवाद, दिनचर्या आणि करमणूक यांनी मनोरुग्णांना सावरता येते, हा फिलिप पिनेल या वैद्याने तेव्हा प्रतिष्ठित केलेला विचार कुल्मिएला आणि पहिला मुख्य वैद्य गास्ताल्दी याला पटलेला होता.

सादला नदीकडे पाहणारी खोली, स्वतःची पुस्तके आणि बागेत फिरण्याची मुभा मिळाली. 1790 पासून त्याच्याबरोबर राहणारी मारी-कोंस्तांस केस्ने ही अभिनेत्री त्याची मुलगी म्हणून इस्पितळात राहू लागली, आणि हे नाते खरे नाही हे सर्वांना ठाऊक असूनही कोणी हरकत घेतली नाही. मग नाटके सुरू झाली. संस्थेत रंगमंच आणि प्रेक्षागृह उभे राहिले. काही रुग्ण आणि पॅरिसहून बोलावलेले व्यावसायिक नट मिळून प्रयोग करीत, तालमी साद घेई आणि कधी लहान भूमिकाही करी. प्रेक्षकांत रुग्णांची वेगळी जागा होती आणि उरलेल्या खुर्च्यांवर पॅरिसचे प्रतिष्ठित लोक असत. ऑक्टोबर 1812 मध्ये कार्डिनल मोरी भेटीला आले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे पद्यही सादनेच रचले. ज्या लेखकाची पुस्तके पोलीस जप्त करीत होते, त्याच्याच हातच्या आमंत्रणांसाठी राजधानीत चढाओढ लागत होती.

या नाटकांनी रुग्ण बरे होत का? पुढे शारांतोंचा मुख्य वैद्य झालेला एस्किरोल याने 1835 मध्ये लिहिले की हा सारा प्रकार खोटा होता, वेडे नाटक करीतच नव्हते, संचालक लोकांची चेष्टा करीत होता आणि कोणीही बरे झाले नाही. एस्किरोल साक्षेपी निरीक्षक होता, पण तो त्याच वैद्यकी परंपरेतला होता जिने कुल्मिएसारख्या अवैद्य संचालकाच्या हातून इस्पितळे काढून घेतली. त्याच्या मताला ती बाजू चिकटलेली आहे.

2 ऑगस्ट 1808 चे पत्र

गास्ताल्दीच्या मृत्यूनंतर 1806 मध्ये आंत्वान-आतानाझ र्वाये-कोलार मुख्य वैद्य झाला. तो शिस्तीचा, धार्मिक वृत्तीचा आणि आपल्या पदाच्या अधिकाराबद्दल अत्यंत जागरूक होता. कुल्मिएने उपचारांचे निर्णय स्वतःकडेच ठेवल्यामुळे दोघांचे पहिल्यापासून बिनसले, आणि साद हा त्या भांडणातला सर्वांत सोपा मुद्दा ठरला.

पोलीसमंत्री फूशे याला लिहिलेल्या पत्रात र्वाये-कोलारने स्पष्ट म्हटले की हा मनुष्य वेडा नाही, त्याला एकच उन्माद आहे आणि तो दुर्गुणाचा आहे, आणि मनोविकारांवर वैद्यकीय उपचार करणाऱ्या घरात अशा दुर्गुणाला आवर घालता येत नाही. साद इस्पितळात मोकळा फिरतो, स्त्री-पुरुषांना भेटतो, आपली मते सांगतो, पुस्तके उसनी देतो, एका स्त्रीला मुलगी म्हणून जवळ बाळगतो आणि वर रुग्णांना नाटके शिकवतो, अशी यादी पत्रात आहे. मागणी होती ती त्याला किल्ल्यासारख्या तुरुंगात पूर्ण एकांतात ठेवण्याची.

या प्रकरणाचा सारा पेच या पत्रात आहे. मुख्य वैद्याचे मत हाती आल्यावर सादला वेडा म्हणून ठेवण्याचा आधार संपला. ज्याला वेड नाही आणि ज्याच्यावर आरोप नाही, त्याला सोडावे लागते. परंतु पत्र लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्याही मनात ही शक्यता आलीच नाही. शहाणा ठरल्यामुळे सादला जे मिळणार होते ते अधिक कडक कोठडी हेच होते. उलट त्याला वेडा म्हणून सांभाळणारा कुल्मिए हाच त्याच्या वाट्याच्या स्वातंत्र्याचा एकमेव रक्षक होता. वैद्यकीय सत्य एकाच्या बाजूला आणि माणुसकी दुसऱ्याच्या बाजूला अशी ही वाटणी झाली होती.

निदानापुरता र्वाये-कोलार बरोबर होता, असे माझे मत आहे. त्या काळातली सादची पत्रे, हिशोब आणि रोजनिशी वाचता चिडखोर, संशयी, आकड्यांत गूढ अर्थ शोधणारा, पण भान शाबूत असलेला मनुष्य दिसतो. मात्र वैद्याने वैद्यकीय मत देऊन थांबायला हवे होते. पुढच्या ओळीत त्याने दंडाधिकाऱ्याचे काम हाती घेतले, आणि ते करण्याचा त्याला काही अधिकार नव्हता.

फूशेने सादला उत्तरेतील आम येथील किल्ल्यात हलवण्याचा हुकूम काढला. नातेवाइकांची रदबदली आणि प्रवास झेपणार नाही असे प्रकृतीचे दाखले यांच्या जोरावर ते आधी लांबले आणि 1809 मध्ये बारगळले.

तुरुंगपाल होण्यास नकार

3 मार्च 1810 च्या हुकूमनाम्याने नेपोलियनने राज्यकारागृहांची व्यवस्था कायदेशीर केली: न्यायालयापुढे आणणे शक्य नाही आणि सोडणेही इष्ट नाही अशा व्यक्तींना कोठे ठेवावे आणि दर वर्षी त्यांचा फेरविचार कसा व्हावा, हे त्यात ठरले. 1790 मध्ये गेलेली राजाची अटकपत्रे वीस वर्षांनी नियमावलीसह परत आली होती. सादची फाइल 1811 मध्ये आणि पुन्हा 1812 मध्ये सम्राटाच्या खासगी मंडळापुढे गेली आणि दोन्ही वेळा स्थानबद्धता चालू ठेवण्याचा निर्णय झाला.

त्याआधी, 18 ऑक्टोबर 1810 रोजी, गृहमंत्री मोंतालिव्हे याने आदेश दिला की सादला स्वतंत्र ठिकाणी ठेवावे, कोणाशीही संपर्क होऊ देऊ नये आणि त्याला कागद, शाई, लेखणी, पेन्सिल काहीही मिळू देऊ नये. कुल्मिएने उत्तर दिले की अशा एकांतवासासाठी इस्पितळात जागा नाही, आपण एका मानवतावादी संस्थेचे प्रमुख आहोत आणि एखाद्या माणसाचा तुरुंगपाल किंवा छळक होणे आपल्याला अपमानास्पद वाटेल. आदेशाची अंमलबजावणी ढिलीच राहिली. त्यानंतरही सादने ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या आणि 1813 मध्ये 'ला मार्कीझ द गांज' लेखकाच्या नावाविना छापूनही आली.

कुल्मिएच्या या उत्तराने अनेक चरित्रकार भारावले आहेत, आणि ते उत्तर खरोखरच धैर्याचे होते. पण त्याच्या कारभाराची दुसरी बाजूही कागदांत आहे. इपोलित द कोलें या माजी घोडदळ अधिकाऱ्याने 1812 मध्ये लिहिलेल्या टिपणात श्रीमंत रुग्णांची बडदास्त आणि गरिबांची हेळसांड, रुग्णाला अचानक थंड पाण्यात लोटण्यासारखे उपचार आणि हिशोबाला कोणी न विचारणारा संचालक, असे चित्र आहे. सादच्या रोजनिशीतून आणखी एक गोष्ट कळते. अखेरच्या वर्षांत तो इस्पितळातच काम करणाऱ्या एका बाईच्या अल्पवयीन मुलीचे पैसे देऊन शोषण करीत होता. संचालकाच्या उदारपणाची ही किंमत त्या मुलीने मोजली, आणि सादचा 'छळ' सांगताना तिचा उल्लेख गाळणे हा अभ्यासातला अप्रामाणिकपणा ठरेल. र्वाये-कोलारला धोका दिसत होता. पण तो त्याला सादच्या मतांत दिसला.

शेवट आणि नंतर

मे 1813 मध्ये सरकारी आदेशाने नाटके बंद झाली. 1814 मध्ये नेपोलियन पडला, बुर्बों राजे परतले, कुल्मिएला पदावरून दूर करण्यात आले आणि त्याच्या जागी र्वाये-कोलारच्या विचारांचा रुलाक द्यु मोपा आला. सादला येथून हलवावे, अशी विनंती नव्या संचालकानेही सरकारला केली. राजेशाही, प्रजासत्ताक, साम्राज्य आणि पुन्हा राजेशाही, या सर्वांनी त्याला बंदिवान केले, आणि दर वेळी कारण थोडे वेगळे होते. त्या विनंतीवर निर्णय होण्यापूर्वी 2 डिसेंबर 1814 च्या रात्री साद वारला. तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता.

1806 च्या मृत्युपत्रात त्याने आपल्याला कोणत्याही विधीविना एका खासगी रानात पुरावे असे लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात त्याला धार्मिक विधीने इस्पितळाच्या दफनभूमीत पुरले. पोलिसांनी 1807 मध्ये खोलीच्या झडतीत जप्त केलेल्या 'फ्लोर्बेलचे दिवस' या प्रदीर्घ हस्तलिखिताचे काय करायचे हा प्रश्न उरला, आणि धाकट्या मुलाच्या मागणीवरून पोलिसांनी ते जाळले. टिपणांची एक वही तेवढी वाचली. बॅस्टिलमधली गुंडाळी मात्र वाचलेली होती. ती 1904 मध्ये जर्मनीत प्रथम छापली गेली, पुढे चोरी, न्यायालये आणि एका कंपनीची दिवाळखोरी यांतून फिरली आणि 2021 मध्ये फ्रान्सने ती 45.5 लाख युरो मोजून राष्ट्रीय ग्रंथालयासाठी घेतली.

30 जून 1838 रोजी फ्रान्सने मनोरुग्णांना दाखल करण्याविषयीचा कायदा केला. कुटुंबाच्या मागणीवरून कोणाला दाखल करायचे तर वैद्याचा दाखला आवश्यक झाला, प्रीफेक्टच्या, म्हणजे सरकारी प्रशासकाच्या, आदेशाने आणलेल्यांबद्दल वैद्याचा सहामाही अहवाल आवश्यक झाला, आणि दाखल केलेल्या व्यक्तीला किंवा तिच्या वतीने कोणालाही सुटकेसाठी न्यायालयात अर्ज करण्याची वाट मिळाली. हे नियम 1808 मध्ये असते तर र्वाये-कोलारचे पहिले वाक्यच सादला शारांतोंबाहेर काढण्यास पुरेसे ठरले असते. मात्र राज्यकारागृहांच्या हुकूमनाम्यापासून त्या कायद्याने त्याला वाचवले नसते, कारण तेथे वैद्याचे मत कोणी विचारीत नव्हते.